अंबाडीच्या पडद्यावरचा हिरवा उजेड

रेणूला उजेडाचं वेड लागलं ते शिकत असताना नाही, शिकवायला लागल्यावर. गोंदियाच्या एका कॉलेजात ती तासिका तत्त्वावर पदार्थविज्ञान शिकवायची, राहायला गावालगतच्या कुडव्यात भाड्याची खोली. पोरांना भिंगं दाखवता दाखवता एक विचार तिच्या मनात घर करून बसला. काचेतून उजेड वाकून जातो, पण काच काही बदलत नाही. अशी एखादी वस्तू हवी, की जोरकस उजेड आत शिरला की ती स्वतःच बदलेल, आणि मग उजेडाचीही वाट बदलेल. पुस्तकात अशा वागण्याला ‘अरेषीय’ म्हणतात. रेणू मनातल्या मनात त्याला उजेडाचं आणि वस्तूचं बोलणं म्हणायची.

पीएचडीला तिने तोच विषय घेतला. टेकचंद सर तिचे नागपूरचे मार्गदर्शक. त्यांनी विचारलं, “पदार्थ कोणता घेणार?” रेणूच्या तोंडून निघून गेलं, “अंबाडी.” तिची माय, धुरपताबाई, सडक अर्जुनीजवळच्या गावात भाताच्या बांधीच्या धुऱ्यावर, शेताच्या कडेच्या बांधावर, अंबाडी लावायची. अंबाडीच्या लालबुंद बोंडांचा रंग हिरवा उजेड पिऊन घेतो, हे रेणूला ठाऊक होतं, आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेतला लेसर हिरवाच होता.

बोंडं भिजवून रंग काढायचा, डिंकासारख्या पारदर्शक द्रावणात मिसळायचा, काचेवर पातळ ओतून सुकवायचा, झाला पडदा. सांगायला सोपं. पण गोंदियाच्या उन्हाळ्यात पडदा वरून सुकायचा, खालून ओला राहायचा. कडा उचलल्या जायच्या, मध्ये सुरकुत्या पडायच्या. पावसाळ्यात तर चिकट व्हायचा. रेणू एकेक पडदा खिडकीशी धरून बघायची. लाल उजेड तिच्या तळहातावर सांडायचा, आणि हा पडदाही वाया गेला हे कळत असूनही तिला तो टाकवत नसे.

दिवाळीनंतर तिला तापाने धरलं. आदल्या दिवशी ओतलेला पडदा कॉलेजात झाकणाच्या डब्यात तसाच राहून गेला. मायला कळलं तशी ती बसने आली. कुडव्याच्या खोलीत दुपारी खिडक्या लावलेल्या, बाहेर कुठे तरी भंगारवाल्याची हाक, आणि रेणू अर्धवट झोपेत. तिला वाटलं, आपण त्या पातळ लाल पडद्याच्या आत उभ्या आहोत. उजेड आत येतोय, पण घाई नाही त्याला. मधासारखा दाटतोय, अंगाभोवती वळतोय. ओठ हलत होते. माय कपाळावरची पट्टी बदलत म्हणाली, “काय बडबडून राहिली वं? कोनासंग बोलतेस?”

“उजेडासंग,” रेणू म्हणाली आणि पुन्हा झोपली.

ताप उतरल्यावर ती कॉलेजात निघाली. “एकटी कायले जातेस? मी येतो,” म्हणून माय स्कूटीवर मागे बसली. डबा उघडला तर पडदा बंद हवेत सावकाश सुकून काचेसारखा सपाट झाला होता. तिने खोली अंधारी केली, पडदा लेसरच्या वाटेत बसवला.

“माय, तिकडं लेसरकडं नोको पाहू. भिंतीकडं पाह्य.”

भिंतीवर हिरवा ठिपका पडला. रेणूने उजेड हळूहळू वाढवला. ठिपका क्षणभर थरथरला, मग फुगला, आणि त्याच्याभोवती एक कडं उमटलं. त्याबाहेर दुसरं. मग आणखी. हिरवी कडी एकात एक, अंधारात अलगद रुंदावत गेली. उजेड कमी केला की मिटायची, वाढवला की पुन्हा उमलायची.

माय भिंतीजवळ सरकली. मग हळूच म्हणाली, “हे आपल्या अंबाडीनं केलं?”

“हो.”

“मंग थांब ना. बंद नोको करू.”

टेकचंद सरांनी मोजमापं पाहून फोन केला. “कडी खरी आहेत, रेणू. पण ही मुख्यतः उष्णतेमुळे. रंग उजेड पितो, पडदा तापतो, त्याचं भिंग होतं. तुला वाटत होतं तसं रंगाच्या रेणूंच्या, मॉलिक्यूल्सच्या, आतलं काही नाही.” रेणू गच्चीवर जाऊन बसली. वाईट वाटलं. पण तिने प्रबंधात तसंच लिहिलं, आणि काही आठवड्यांत पडद्याचा रंग उडतो हेही लिहिलं. परीक्षकांनी प्रबंध मान्य केला, पदवी मिळाली. नोकरी अजून तासिकेचीच आहे.

दर हिवाळ्यात ती नवे पडदे ओतते. शेवटच्या वर्षाची मुलं अंधाऱ्या खोलीत दाटीवाटीने उभी राहतात, कुणी तरी हिंदीत कुजबुजतं, “मैडम, और बढ़ाइए ना,” आणि ती आणखी थोडा उजेड सोडते.