नकाशात नसलेला म्हसोबा

आमची सोसायटी फुलंब्री रस्त्याला, शहराच्या टोकाला आहे. म्हणजे आम्ही राहायला आलो तेव्हा टोकाला होती; आता टोक बरंच पुढं पळालंय. इथं पूर्वी आमचंच शेत होतं. वडिलांनी ते बिल्डरला दिलं आणि बदल्यात दुसऱ्या मजल्यावर एक फ्लॅट आला. तेव्हापासून आम्ही स्वतःच्याच वावराच्या वर अधांतरी राहतो आणि त्याचा मेंटेनन्सही भरतो. वडील फ्लॅटमध्ये फार दिवस रमले नाहीत, लवकरच गेले.

शेतातलं एकच काय ते उरलं होतं: गेटच्या तोंडाशी शेंदूर फासलेला म्हसोबा. आई दर अमावस्येला त्याच्यापुढं नारळ फोडायची. सोसायटीला मात्र गेट रुंद करायचं होतं, कारण घरटी दोन गाड्या झाल्या होत्या आणि सगळ्यांना एकाच वेळी बाहेर पडायची घाई. माझ्याही गाडीला म्हसोबानं दोनदा प्रसाद दिलेला, त्यामुळं मी सोसायटीच्या बाजूनं. आईनं मात्र बजावलं, "दगड हलवला तर मी पिशोरला भावाकडं जाईन, परत येणार नाय."

मी भूगोल शिकवतो. आईला पुराव्यानिशी गप्प करावं म्हणून गावाचा जुना मोजणी नकाशा काढून आणला आणि मोबाईलमधल्या उपग्रहाच्या चित्राशेजारी ठेवला. जिमच्या जागी गाडीवाट निघाली. क्लब हाउसखाली आमची विहीर. पार्किंगमधून ओढा जात होता. जमिनीचा फेरफार झाल्याचं त्याला कोणी कळवलं नसावं, कारण तो दर पावसाळ्यात जुन्याच पत्त्यावर येतो आणि आमच्या गाड्या फुकटात धुऊन जातो. गेटच्या जागी, आमच्या आणि चुलत्याच्या बांधावर, मोजणीच्या दगडाची खूण होती. म्हसोबा कुठंच नव्हता.

बैठकीत मी नकाशा पसरला आणि मोठ्या ऐटीत जाहीर केलं, की हा देव नाहीच, सरकारी हद्दीचा दगड आहे. आमचे सेक्रेटरी सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. ते एकदम पांढरे पडले.

"सर, हे कशाला सांगितलं तुम्ही? देव असता तर गुरुजींना बोलावून पूजा केली असती आणि मागं नेऊन बसवला असता. सरकारी दगडाला हात कोण लावणार? उद्या नोटीस आली तर?"

गेटचा विषय तिथंच मिटला. चहा पिऊन सगळे आपापल्या घरी गेले.

घरी आई लसूण सोलत बसली होती. मी म्हणालो, "तुझा दगड वाचला. पण तो म्हसोबा नाही."

"मला काय सांगतो? शेंदूर तुझ्या बापानंच फासला. तुझा चुलता दर पेरणीला दगड आमच्या अंगाला सरकवायचा. त्याचा देव केला, तवापासून त्यानं हात लावला नाय."

"व्हय? मग इतकी वर्षं नारळ कशाला फोडतीस?"

तिचा हात थांबला. "एवढं मोठं वावर व्हतं. तुझ्या बापाच्या हाताचं आता तेवढंच राहिलं."

हातातल्या नकाशाची घडी काही केल्या नीट बसेना.

पुढच्या अमावस्येला नारळ मी फोडला. गेट अजून अरुंदच आहे. गाडी जरा जपून काढतो.