जॅकखालची फळी

मोटारगाडीवर इतका अविश्वास असलेला मोटारमालक उभ्या यवतमाळ जिल्ह्यात आमच्या घरासमोरच्या सिस्टरबाईंखेरीज दुसरा झाला नसेल. राळेगावकडच्या उपकेंद्रात नर्स म्हणून त्यांची सारी नोकरी गेली. बाळंतपणाची पेटी मांडीवर घेऊन एसटीची वाट पाहण्याला कंटाळून त्यांनी एक जुनी पांढरी गाडी घेतली होती. निवृत्त होऊन त्या बाभुळगावला आल्या, तेव्हा गाडीही आली. दर रविवारी सकाळी तिची तपासणी असे. बाई हात धुऊन बॉनेट उघडत, तेलाची कांडी थर्मामीटरसारखी उजेडात धरत आणि मान हलवत. पाने, पक्कड, पेचकस हे सगळं ड्रेसिंगच्या स्टीलच्या ट्रेमध्ये, उकळलेल्या पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेलं असे. एकदा माझी बायको नारळ फोडायला हातोडी मागायला गेली. "ते साफ करून ठेवलेली हाय," म्हणत बाईंनी नारळ आपल्या पायरीवर आपटून फोडून दिला. हातोडी काही दिली नाही.

वस्तीत कोणी गाडी घेतली की पेढ्यांच्या आधी बाई हजर. घरची मंडळी चाकाखाली लिंबू ठेवत असायची आणि बाई मागे डिकी उघडून स्टेपनीवर अंगठा दाबत असायच्या. "सिस्टर, गाडी नवीकोरी आहे," असं कोणी म्हटलं की त्या शांतपणे म्हणत, "बाळबी नवंच येते. तरी आपन तपासतोच ना?"

कापसाची ती वाईट वर्षं होती. जिनिंग बंद करून गाव सोडणाऱ्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याची गाडी मला स्वस्तात मिळाली. त्याच्या अंगणातून ती बाहेर काढताना मला आनंदापेक्षा लाजच जास्त वाटली. बाईंनी असल्या भावनांना वेळ दिला नाही. "हत्यारं घेतल्याबिगर गावाबाहेर काढू नोका," असं बजावून, त्या फेरीपुरता आपला हत्यारांचा ट्रे मांडीवर घेऊन, त्या मला माझ्याच गाडीतून यवतमाळच्या दुकानात घेऊन गेल्या.

"जयभीम सिस्टर," म्हणत दुकानदारानं नट खोलायच्या गोटी पान्यांची एक चकचकीत पेटी उघडली. मी हरखून गेलो. बाईंनी त्यातली एक बारीक गोटी उचलली. "हे भाऊच्या गाडीले कुठं लागते?"

"लागत नाही. पन सेटमंदी येते."

"मंग राहू द्या. नवशिक्या मानसाले जास्त हत्यारं देल्ली का तो सगळीकडं खुपसून पाह्यते."

मग निवड सुरू झाली. मुलीसाठी स्थळ बघताना माणसं इतकं बघत नाहीत. मोजकेच पाने, एक पक्कड, दोन पेचकस, हवा मोजायचं मीटर, अंधारात धरायला बॅटरी, गाडीची बॅटरी उतरली तर दुसऱ्या गाडीला जोडायच्या वायरी. जॅक घेतला तो तिथंच दुकानासमोर माझी गाडी उचलून दाखवायला लावून. आता झालं, असं वाटून मी चावी काढली, तर बाई म्हणाल्या, "फळी राह्यली."

फळी हार्डवेअरच्या दुकानात मिळत नाही. आम्ही लाकूड कापायच्या आरामशीनवर गेलो. तिथं बाईंनी सागवानाचे तुकडे उलथेपालथे केले, एकावर स्वतः उभ्या राहिल्या, मग मला उभं केलं, मग मशीनवाल्यालाही आमच्याबरोबर चढवलं. रस्त्यावरची माणसं थांबून बघू लागली. मी हसत म्हणालो, "सिस्टर, एवढी जाड फळी कायले?"

त्या हसल्या नाहीत. फळीवरून उतरून तिथल्याच ओंडक्यावर बसल्या.

"काळ्या मातीत जॅक खचते, भाऊ. नोकरीत होती तवाची गोष्ट. एक पोरगा कपाशीवर फवारनी करून राह्यला होता मजुरीनं. औषध अंगात भिनलं. त्याले अन् त्याच्या बायकोले गाडीत घातलं अन् मोठ्या दवाखान्याकडं निंगाली. रस्त्यात टायर फुटला. जॅक होता, पाना होता, स्टेपनीत हवा होती. पन पावसानं कडेची माती ढिली झालती. जॅक लावला का आत जाये. काढा, पुन्हा लावा. त्याची बायको वावराच्या धुऱ्यावर, बांधाबांधानं, दगड शोधत फिरे. तो मागच्या सीटवर पडून विचारे, 'सिस्टर, बसलं का चाक?' मी म्हनो, हो, बसतच हाय."

"मग?"

"बसलं चाक. दगड भेटला तवा. पोचलोबी. पन उशिरा."

तेवढ्यात मशीनवाल्यानं आरामशीन सुरू केली. आवाज थांबल्यावर मी विचारलं, डॉक्टर काय म्हणाले?

"म्हने, औषध लय गेलतं अंगात. अर्धा घंटा आधी आनलं असतं तरी वाचला नसता."

मला हायसं वाटलं. मी म्हणालो, "मग सिस्टर, डॉक्टरच तसं म्हणाले तर तुम्ही मनाला कायले लावून घेता?"

बाई फळीवरचा भुसा पदरानं झाडत होत्या. "तसं सगळ्यायलेच सांगतात, भाऊ. मीबी उभी नोकरी लोकायले हेच सांगत आली."

मी फळी उचलून डिकीत ठेवली. बाईंनी ती जॅकशेजारी नीट सरकवली, डिकी स्वतः लावली आणि पुढे जाऊन बसल्या. परतीच्या वाटेवर दोन्ही बाजूंना कपाशी होती. डॉक्टर खरंच बोलले असावेत, असं मला आजही वाटतं. पण ते बाईंना पटवून देणारा माणूस मला कधी भेटला नाही, आणि आता बाईही राहिल्या नाहीत.