पायाचं माप

विश्वकर्मा इंडस्ट्रियल एरियातल्या त्या मिस्त्रीचं नाव मी विचारलंच नाही. कानोत्याच्या धरणावर माझ्या मासेमारीच्या मोटरबोटीचा वेग वाढवायचा हाताचा थ्रॉटल पूर्ण उघडून मी वळण घेतलं आणि बायको पाण्यात पडली. घाबरून मी थ्रॉटल तसाच सोडला, आणि बोट तिच्यापासून लांब पळत राहिली. लाइफ जॅकेटमुळे ती वाचली, पण त्यानंतर ती बोटीत पाय ठेवायला तयार नव्हती.

बोट गाडीमागे ओढत मिस्त्रीकडे नेली, पण त्याला मी इंजिन बिघडल्याचं सांगितलं. त्याने इंजिनाला कान लावला, थ्रॉटलचा दांडा दोन बोटांनी हलवला आणि हात पुसत म्हणाला, "भाईसाहब, इंजन बेचारे का क्या कसूर?"

मग मी सगळं कबूल केलं.

"हाथ वाला जहाँ छोड़ो, वहीं अटका रहता है," तो म्हणाला. "पैर वाला लगाते हैं. पैर उठा, तो पैडल ख़ुद लौट आएगा."

पॅडलसाठी पायाचं माप द्यायला मी बोटीतल्या सीटवर बसलो, तर त्याने पान्यानेच मला उतरायची खूण केली आणि गाडीत बसून राहिलेल्या बायकोला हाक मारली, "आओ भाभीजी, नाप आपके पैर का लेंगे!"

ती गाडीतून उतरली, तिने बोटीचा काठ हलवून पाहिला. मग चप्पल काढून चढली. त्याने तिच्या अंगठ्यापाशी खडूने रेघ मारली.

आता दर रविवारी कानोत्याला बोट तीच चालवते. मी मागे गळ धरून बसतो. मधूनच ती पाय उचलते, बोट मंदावते, आणि मागे वळून ती विचारते, "आहात ना हो?"