इल्माच्या रायफलीचे सुटे भाग

रूबेन सारेला आयुष्यभर बर्फ बाजूला सारत आला. जिल्ह्याच्या रस्तेखात्यात तो फाळ लावलेला ट्रक चालवायचा. सरोवरावरून वारा सुटला की पहाटेच बाहेर पडायचं आणि शाळेच्या बसआधी रस्ता मोकळा करायचा, हे त्याचं काम. बस चालवायची इल्मा. लग्नाआधी कित्येक महिने दोघांची ओळख एवढीच होती, की पुढे एक पिवळा दिवा लुकलुकतोय आणि मागून एक बस येतेय. मग एका वसंतात बर्फ वितळलं, ट्रकला काम उरलं नाही, आणि रूबेन तिला लग्नाचं विचारायला बस उभी असते त्या आवारात गेला. ती म्हणाली, "आज रस्ता साफ आहे, तरी आलास? म्हणजे कामाचंच असणार."

मूल झालं नाही. त्याचं दुःख दोघांनी केलं, आणि मग ते घरात एका कोपऱ्यात ठेवून दिलं. रूबेनला स्वस्थ बसणं जमत नसे. नळ गळतोय, दार कुरकुरतंय, शेजारच्याचं बर्फ उडवायचं यंत्र बंद पडलंय, काही ना काही त्याला लागायचंच. इल्माला मात्र बुधवारची संध्याकाळ लागायची. गावाबाहेर बंदूक क्लब होता, तिथे बुधवारी पॉइंट बावीसच्या, बारीक गोळीच्या रायफलींची स्पर्धा असे. लोखंडी थाळ्या ओळीने उभ्या करायच्या आणि घड्याळ लावून पाडायच्या. क्लबचा कारभार डेल्बर्ट नावाच्या ढेरपोट्या माणसाकडे. तो रूबेनचा शाळेपासूनचा दोस्त. इल्मा थाळ्या अशा पाडायची की मागच्या बाकावरचे लोक कॉफी प्यायची विसरत. रूबेनची पाळी आली की डेल्बर्ट ओरडायचा, "थाळ्यांनो, घाबरू नका रे, रूबेन आलाय!"

तिची रायफल साधीच, दुकानातून आणलेली, अर्धस्वयंचलित. बोल्ट, म्हणजे नळीमागचा सरकता दट्ट्या, एकदा हाताने मागे ओढून सोडला की पहिली गोळी नळीत जाते, पुढचं काम रायफल स्वतः करते. चाप ओढत राहायचं. असल्या रायफलीचे सुटे भाग बाहेरच्या कंपन्या ढीगभर बनवतात. दोन स्क्रू सैल केले की नळी निघते, दोन पिना ढकलल्या की चापाची अख्खी पेटी तळहातावर येते. पण इल्माला त्यातलं काही नको असायचं. "मला जमतंय ना? मग तिला कशाला छळतोस?" असं म्हणून ती रूबेनला पिटाळून लावायची.

एका शरदात दोघं सशांच्या मागे रानात गेले होते. इल्मा बोल्ट मागे ओढायला गेली तर तो येईना. तिने पुन्हा ओढला, तिसऱ्यांदा दोन बोटांत धरून ओढला.

"रूबेन, हिला काहीतरी झालंय. अडकतेय."

रूबेनने तिथेच उभ्या उभ्या ओढून पाहिलं. बोल्ट सरसर आला. घरी आल्यावर त्याने रायफल जेवणाच्या टेबलावर उघडली, प्रत्येक भाग पुसला, तेल दिलं, स्प्रिंग बदलली. तरी इल्माला ओढता येईना. मग त्याने बाहेरून मोठी मूठ मागवली, बोल्टला लावायची, अख्खी मुठीत मावेल अशी. ती लावल्यावर इल्माला जमलं. तिने त्याच्या गालावर थापटी मारली आणि म्हणाली, "बघ, मी सांगत होते ना, रायफलीतच खोट होती."

दोघांनीही त्यावर विश्वास ठेवला. बरणीचं झाकण उघडेना तेव्हा बरणीला दोष दिला. बसचं दार लावणारा दांडा जड झाला तेव्हा गॅरेजच्या मेकॅनिकला शिव्या दिल्या. स्वेटरची बटणं लागेनात तेव्हा मात्र इल्मा बिछान्याच्या कडेला बसून राहिली आणि तिने रूबेनला हाक मारली.

मोठ्या गावातल्या डॉक्टरीणबाईने पुष्कळ तपासण्या केल्या. मग खुर्ची जवळ ओढून, आवाज खाली आणून सांगितलं की मज्जातंतूंचा आजार आहे. स्नायू एकेक करून गळत जातील. हात, मग पाय, मग बोलणं, गिळणं, शेवटी श्वास. डोकं मात्र शेवटपर्यंत शाबूत राहील.

"मग करायचं काय?" रूबेनने विचारलं.

"सोबत राहायचं," डॉक्टरीणबाई म्हणाली.

"ते तर आहेच. पण करायचं काय?"

परतताना इल्मा खिडकीबाहेर बघत होती. ती म्हणाली, "बुधवारी मला सोडशील ना क्लबात? बस काही आता देणार नाहीत चालवायला."

त्या आठवड्यापासून रूबेन रायफलीच्या मागे लागला. लाकडी दस्ता काढून पोकळ प्लास्टिकचा लावला. पोलादी नळीच्या जागी बारीक नळीवर कार्बनचं वेष्टन घातलेली आणली. बोल्टची स्प्रिंग नरम घातली. मागे अडकलेला बोल्ट नुसता किंचित ओढून सोडला की आपोआप पुढे जाईल अशी पट्टी बसवली. गोळ्यांचं मॅगझिन काढायचा खटका अंगठ्याऐवजी तळहाताने दाबता येईल इतका लांब केला. डोळ्यासमोर लाल ठिपका दिसेल अशी छोटी दुर्बीण वर चढवली. आता रायफल पहिल्यापेक्षा जवळजवळ अर्ध्या वजनाची झाली होती. इल्मा टेबलाशी बसून बघायची आणि अधूनमधून टोमणा मारायची, "नवरीला दागिने घालावेत तसं चाललंय तुझं. लग्नात माझ्या अंगावर एवढं घातलं नव्हतंस."

एक-दोन महिने खरंच बरे गेले. रायफल टेकणावर ठेवून ती पुन्हा थाळ्या पाडू लागली. पूर्वीसारख्या नाही, पण डेल्बर्ट हरला त्या दिवशी तिने त्याला सगळ्यांसमोर टोपी काढायला लावली. रूबेनला वाटायचं, एक गेलं की दुसरं लावू, दुसरं गेलं की तिसरं. मिळत नाही असं काही नसतंच. पार्सल आलं की तो दारातच फोडायचा. पण व्हायचं असं, की भाग येऊन बसेपर्यंत इल्माचा हात एक पायरी खाली उतरलेला असायचा. मोठी मूठ आली तेव्हा मूठ वळत होती. तिच्यापेक्षा मोठी आली तेव्हा मूठच वळेना.

शेवटी राहिला चाप. तो नवी पेटी घालून आधीच हलका केलेला होता. तरी इल्माचं बोट तो ओढताना थरथरायचं आणि निम्म्यावर थांबायचं. रूबेनने पेटी उघडून आतली स्प्रिंग आणखी नरम घातली. डेल्बर्टने रिकाम्या रायफलीचा चाप एकदा ओढून पाहिला आणि रायफल हळूच खाली ठेवली.

"अरे, हा तर फुंकरीने सुटेल."

"तिला तसाच लागतो."

"रूबेन..."

"तिला तसाच लागतो, सांगितलं ना!"

डेल्बर्टने रायफल त्याच्याकडे सरकवली. इल्माला अडवायचं म्हणजे काय, हे तोही जाणून होता.

त्या बुधवारी हवा छान होती. इल्मा खुर्चीत बसली. रूबेनने मॅगझिन भरून दिलं, बोल्ट ओढून दिला आणि रायफल तिच्या हातात ठेवून मागे सरला. तिला ती टेकणावर नीट सरकवायची होती. मनगट मध्येच लुळं पडलं, नळी वर झाली, बोट चापावर घसरलं आणि बार उडाला. वरच्या छपराच्या पत्र्याला भोक पडलं. पत्रा थोडा वेळ झणझणत राहिला. कुणाला काही लागलं नाही. पण बाकांवरचे सगळे उठून उभे राहिले होते, आणि कुणाला कुठे बघावं हे कळत नव्हतं.

"घे माझ्या हातातून," इल्मा म्हणाली. "रिकामी कर."

रूबेनने रायफल घेतली. डेल्बर्ट पुढे आला, तर तिने मान हलवली. "तू बोलू नकोस डेल्बर्ट. तुला रात्रभर झोप लागणार नाही. मीच बोलते. मी थांबले."

"थांबायचं कशाला?" रूबेन म्हणाला. "चाप पुन्हा जड करतो, आणि बोटाऐवजी मनगटाने ओढायची दांडी लावतो. पुढच्या बुधवारी..."

"रूबेन, घरी चल."

ट्रकमध्ये तो बोलतच होता. दांडी, पट्टा, दोन पायांचं टेकण, कुठून मागवायचं, किती दिवसांत येईल. इल्माने त्याला बोलू दिलं. घराच्या वळणावर तिने विचारलं, "सगळं बदललंस ना तिचं? छान केलंस. आता बोट कुठे मिळतं ते सांग."

त्याने गाडी अंगणात लावली. बराच वेळ त्याला किल्ली फिरवून इंजिन बंद करायचंही सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने चापाची जुनी पेटी परत बसवली, रायफल कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि घरातल्या वस्तूंकडे वळला. चमच्याला स्पंजाचा जाड दांडा केला. तो झाला तोवर तिला चमचा तोंडापर्यंत नेता येईना. दारासमोर चाकाच्या खुर्चीसाठी उतार बांधला, तोवर बाहेर जायची तिची हौस सरली होती. क्लबात ती काही आठवडे गुण पुकारायला बसली. मग जीभ जड झाली, शब्द एकमेकांत मिसळू लागले. लोक समजल्यासारखं हसायचे. ते हसणं तिला कळायचं. एक दिवस तिने मानेनेच नको म्हटलं. डेल्बर्ट दर आठवड्याला पास्टी, म्हणजे मांस भरलेली मोठी करंजी, घेऊन यायचा, आणि रूबेन ती बारीक कुस्करून इल्माला भरवू लागला की म्हणायचा, "केचप घाल रे." इल्मा डोळे वटारायची. पास्टीवर केचप म्हणजे तिच्या लेखी पाप. तेवढ्यापुरते तिघं हसायचे.

हिवाळ्यात रूबेनने अंगणातल्या सौनात, म्हणजे वाफ घ्यायच्या लाकडी खोलीत, तिच्यासाठी पाठ टेकायची बैठक केली. शनिवारची वाफ तिने जन्मात चुकवली नव्हती. ही बैठक मात्र वेळेवर झाली. त्याने तिला उचलून आत नेलं, तापलेल्या दगडांवर पाणी टाकलं. तिने डोळे मिटले, चेहरा सैल झाला. पुढच्या खेपेला वाफेत तिचा श्वास कोंडला. त्याने घाबरून तिला बाहेरच्या छोट्या खोलीत आणलं, घोंगडीत गुंडाळलं आणि आतलं दार जरा उघडं ठेवून तिच्याजवळ बसला, म्हणजे निदान ऊब यावी. त्यानंतर ते तिथेच बसू लागले.

अशाच एका शनिवारी ती काहीतरी बोलली.

"काय म्हणालीस?"

ती पुन्हा बोलली. त्याने कान तिच्या ओठांशी नेला. एखादाही शब्द सुटा होत नव्हता.

"पाणी? पाय दुखतायत? आत जायचंय?"

प्रत्येकाला तिने डोळ्यांनी नाही म्हटलं. तिसऱ्यांदा, सगळा जोर लावून, ती तेच बोलली. त्याने कपाळाला हात लावला. "नाही गं कळत. मला नाही कळत, इल्मा." ती त्याच्याकडे बघत राहिली, रागावून नव्हे, आणि मग तिने डोळे मिटून घेतले. दाराच्या फटीतून वाफ येत होती. तो तिचे दोन्ही हात हातांत घेऊन बसून राहिला.

मार्चमध्ये ती गेली. बर्फ इतकं होतं की रस्तेखात्यातल्या त्याच्या जुन्या सोबत्यांनी स्मशानाची वाट उघडून दिली.

डेल्बर्ट अजून येतो, पास्टी घेऊनच. दोघं जेवतात, फारसं बोलत नाहीत. एकदाच रूबेनने त्याला ते सांगितलं, की ती तीन वेळा बोलली आणि आपल्याला एकदाही कळलं नाही.

"काय असेल रे?"

डेल्बर्टने खांदे उडवले. "मला काय माहीत, बाबा."

"कदाचित 'दार लाव, वाफ वाया जातेय' एवढंच असेल," रूबेन म्हणाला. "तसलंच असेल काहीतरी. नाही?"

"असेल," डेल्बर्ट म्हणाला, आणि त्याने ताटली पुढे सरकवली.