मनीषाचं डाळिंबी स्वेटर

बारावीचा निकाल लागला होता आणि मी सकाळपासून एकच निळा कोट वेगवेगळ्या पोरांच्या अंगात घालत होतो.

हे काय काम ते आधी सांगतो. निकाल लागला की लातुरातल्या क्लासवाल्यांना चौकाचौकात फ्लेक्स हवे असतात. टॉपरचे फोटो येतात ते असे की कुणाचा हॉल तिकिटावरचा, कुणाचा लग्नाच्या पंगतीतला, एकाचा तर म्हशीसोबतचा. क्लासचा मॅनेजर सांगून जातो, "सगळे एकसारखे आणि हुशार दिसले पाहिजेत." मग आम्ही बॉडी लावतो. बॉडी म्हणजे डोकं नसलेला तयार फोटो. कोट-टायची बॉडी, फेट्याची बॉडी, पैठणीची बॉडी. चेहरा गिऱ्हाइकाचा, बाकी सगळं दुकानाचं. वाढदिवसाला, श्रद्धांजलीला आणि निकालाला आमचं फोल्डर एकच होतं. त्यामुळे मेलेला माणूस आणि मेरिटला आलेला पोरगा एकाच कोटात असायचे आणि कुणाच्या ते लक्षातही यायचं नाही.

मी मूळचा नांदेडचा. आमचे अब्बा रफूगार. फाटलेल्या शेरवानीतलाच दोरा काढून तिलाच असा भरायचे की भोक कुठे होतं ते घालणाऱ्याला सापडू नये. मी संगणक शिकलो आणि लातूरच्या या फ्लेक्सच्या दुकानात डिझायनर म्हणून लागलो. दुकानाचे मालक बसवराज अण्णा. चोरीच्या सॉफ्टवेअरवर धाड पडते अशी अफवा त्या वर्षी उठली आणि अण्णांनी घाबरून सगळे संगणक पुसून घेतले. त्या जागी गिम्प आलं. फुकटातलं सॉफ्टवेअर. फोटोचं जवळजवळ सगळं काम त्यात होतं, फक्त हाताला वळण लागेपर्यंत शिव्या फार निघतात.

तर त्या गर्दीत सुमनताई आल्या. मागच्या गल्लीत राहायच्या. पूर्वी किल्लारीकडच्या एका खेड्यात अंगणवाडीताई होत्या. भूकंपात घर गेलं, चार वर्षांची मुलगी मनीषा गेली, आणि नवराबायको लातूरला आले. नवरा प्राथमिक शाळेतले गुरुजी, आता रिटायर. ताई क्लासच्या मुलींना खोल्या द्यायच्या आणि जेवण करून घालायच्या.

त्यांनी पदराआडून एक फोटो काढला. तळहाताएवढा. अंगणवाडीच्या दारात उभी असलेली मुलगी. तेल लावून चापून बसवलेले केस, डोळे बारीक केलेले, ऊन समोरून असणार. मानेपर्यंत फोटो चांगला होता. त्याखाली काहीच नव्हतं. ढिगाऱ्यात तो पावसानं भिजला होता आणि मानेखालचा रंग पोपडे निघून गेला होता. मुलगी आहे, पण तिला अंग नाही, असा तो फोटो.

"एवढा एकच हाय तिचा," ताई म्हणाल्या. "गुरुजींच्या पाकिटात असतो. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढलाय, एवढं बारीक आता दिसत न्हाई त्यांला. मोठा करून द्या. भिंतीवर लावला तर लांबून तरी दिसंल पोरगी. आताच स्कॅन करा, ते आंघोळीला गेलेत तवर पाकिटात परत ठेवते."

मी स्कॅन केला. तेवढ्यात त्यांचं लक्ष स्क्रीनवरच्या टॉपरांकडे गेलं.

"ही माझ्याकडंच ऱ्हाती," एका मुलीवर बोट ठेवून त्या म्हणाल्या. "हिच्याकडं कोट कुठला आला?"

"आम्ही घातला, ताई."

त्या बराच वेळ बघत राहिल्या. अण्णा गल्ल्यावरून म्हणाले, "ताई, पोरीचं पण तसंच करून देतो. लहान पोरींचे झकास ड्रेस हायत आमच्याकडं तयार. पाच मिनिटांत." गिऱ्हाइकासमोर अण्णा बॉडी म्हणत नसत, ड्रेस म्हणत.

"ड्रेस नको," ताई म्हणाल्या. "तिच्या अंगात स्वेटर होतं. डाळिंबी रंगाचं. मी विणलेलं. ते करता येतं का?"

मी हो म्हणालो. अण्णांनी माझ्याकडे जे बघितलं ते अजून आठवतं.

गिम्पमध्ये लोकर मिळत नाही, पिकवावी लागते. ती अशी. फोटोवर एक कोरा थर टाकायचा. थर म्हणजे लेयर, काचेवर काच ठेवावी तसा. त्यावर करडा रंग ओतायचा आणि नॉइज द्यायचा, म्हणजे पूर्वी टीव्ही बंद पडला की मुंग्या दिसायच्या तशा मुंग्या. मग मोशन ब्लर. त्यानं प्रत्येक मुंगी एका दिशेनं ओढली जाते आणि बारीक तंतू तयार होतात. असा एक थर उभा, एक आडवा, एकावर एक टाकला की सुती कापड झालं. झब्बा, धोतर, साडी, कशालाही चालतं.

लोकरीचं मात्र तसं नाही. तिचा धागा पीळ खातो, फुगतो, आणि विणलेला टाका इंग्रजी व्ही अक्षरासारखा दिसतो. मी तंतूंची एक पट्टी कापली, तिला लाटेचा फिल्टर देऊन वाकवली, तिचीच आरशासारखी उलटी नक्कल शेजारी लावली. झाला एक टाका. टाक्याशेजारी टाका लावत ओळ केली, ओळीखाली ओळ. अंगभर पसरवून डाळिंबी रंग दिला आणि ताईंना बोलावलं.

"हे पायपुसणं झालं," त्या म्हणाल्या.

खरंच पायपुसणं झालं होतं. सगळे टाके एकाच उंचीचे, कडा सुरीनं कापल्यासारख्या. राग आला मला, पण बाई चुकीचं बोलत नव्हती.

मग बंप मॅप. यानं सपाट चित्राला उजेड-सावली मिळते आणि टाके फुगून वर येतात. उजेड कुठून येतोय ते चेहऱ्यावरून ठरवायचं, नाहीतर तोंडावर सकाळ आणि पोटावर संध्याकाळ होते. त्यानंतर स्मज टूल, म्हणजे ओल्या रंगावर बोट फिरवल्यासारखं. कडेकडेनं एकेक तंतू बाहेर ओढायचा. लोकरीला लव असते, ती कडेलाच दिसते. हे काम कुठल्या फिल्टरनं होत नाही, हातानंच करावं लागतं. फ्लेक्समधून वेळ चोरून मी ते करत बसायचो.

"सलीम, काय करायलास रे?" अण्णा ओरडायचे. "क्लासवाला तिकडं बोंबलायलाय आणि तू विणकाम काढून बसलास व्हय?"

"होतच आलंय, अण्णा."

"बिल काय मेंढीच्या नावानं फाडू?"

ताई रोज दुपारी, मुलींची जेवणं उरकली की यायच्या. मी स्टूल द्यायचो. मी विचारायचो आणि त्या सांगायच्या, आणि सांगताना त्यांना एकदाही आठवावं लागायचं नाही. गळ्याला दोन सुलट, दोन उलट. खाली साधी वीण. बटणं पुढे नाहीत, खांद्यावर, कारण डोक्यातून घालताना गळा अडकला की पोर रडते. बाह्या मनगटाच्या पुढं बोटभर लांब.

"एवढ्या लांब कशाला?" मी विचारलं.

"वाढतं अंग हाय. पुढच्या वर्षी पण आलं पाहिजे की."

एकच अडचण होती. जिथे फोटो खराब व्हायला सुरुवात होते तिथे, मानेच्या अगदी खाली, पिवळ्या कापडाची एक नखाएवढी कड शिल्लक होती.

"हे काय, ताई?"

"आतल्या फ्रॉकची कॉलर असंल ती. झाकून टाका. गळा वर घ्या जरा. थंडी गळ्यातूनच शिरती."

मी गळा वर घेतला. शेवटी सगळ्या स्वेटरवर थोडे जुनाट डाग आणि दाणे टाकले, रंग उडवला, म्हणजे नवी लोकर जुन्या फोटोत वेगळी दिसू नये. अब्बांना दाखवावं असं काम झालं होतं. अण्णासुद्धा मागे येऊन बघून गेले.

दुसऱ्या दिवशी ताई गुरुजींना घेऊन आल्या. त्यांना काही सांगितलं नव्हतं. उंच, वाकलेले, जाड चष्म्याचे गुरुजी. प्रिंट काढण्याआधी स्क्रीनवर बघून घ्या, म्हणून मी त्यांना खुर्चीत बसवलं आणि फोटो मोठा केला.

गुरुजी पुढे झुकले. आधी चेहरा दिसला. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत घातला. ओठ हलत होते. मला वाटलं, जमलं.

मग ते म्हणाले, "हे स्वेटर कुणाचं?"

"तिचंच," ताई म्हणाल्या.

"मनीषाला स्वेटर नव्हतं."

मी ताईंकडे बघितलं. त्या स्क्रीनकडेच बघत होत्या.

"नव्हतं," त्या म्हणाल्या. "आता हाय."

गुरुजींनी पाकिटातून मूळ फोटो काढून स्क्रीनशेजारी धरला. "पिवळा फ्रॉक होता. मीच घातला होता तिला फोटोच्या दिवशी. इथं कॉलर दिसत होती. कॉलर कुठं गेली?"

मी माउस हातात घेतला. गिम्पमध्ये प्रत्येक थराच्या पुढे डोळ्याचं एक चित्र असतं. त्यावर क्लिक केलं की तो थर दिसेनासा होतो. मी क्लिक केलं. स्वेटर गेलं, खालचे पोपडे आले आणि पिवळी कड आली.

"ही बघा," गुरुजी म्हणाले.

"लावा परत," ताई म्हणाल्या. "सलीमभाऊ, लावा ते परत."

"हे खोटं हाय, सुमन."

"लोकर आणा म्हणलं होतं मी तुमाला. तुम्ही म्हणलात, थंडीला अजून वेळ हाय, दिवाळीनंतर आणू. रंग ठरला होता, माप घेतलं होतं तिचं. सुया आणलेल्या होत्या. माझ्या मनात ते कवाच विणून झालंय. खोटं कुठलं आलं?"

मला तिथून उठून जावंसं वाटत होतं, पण माउस माझ्या हातात होता. गुरुजी माझ्याकडे वळले आणि शाळेतल्या आवाजात म्हणाले, "फ्रॉक करून द्या. जो होता तो."

"देतो, गुरुजी. कापड कसलं होतं? सुती, टेरिकॉट? फुलं होती, चौकडा होता? बाही फुग्याची होती का साधी?"

ते माझे रोजचे प्रश्न होते. त्याशिवाय तंतू कसे ओढायचे तेच कळत नाही.

"पिवळा होता," गुरुजी म्हणाले.

"हो. पण कापड?"

त्यांनी हातातला फोटो डोळ्यांजवळ नेला, दूर नेला. पोपड्यांवरून अंगठा फिरवला. "बारीक फुलं होती बहुतेक. पांढरी... का ठिपके होते." ते थांबले. "बाही... मीच घातला होता हो तिला. हुक मागं होते. हुक लावल्याचं आठवतंय मला."

मग त्यांनी ताईंकडे बघितलं. ताईंना सगळं माहीत असणार. ज्या बाईला न विणलेल्या स्वेटरचे टाके पाठ होते, तिला फ्रॉकचं कापड आठवत नसेल हे मी मानणार नाही. ताई बोलल्या नाहीत. मला त्यांचा राग आला आणि कणवही. गुरुजी वाट बघत राहिले, आणि वाट बघता बघता त्यांचा चेहरा पडत गेला.

"स्वेटरच राहू द्या," शेवटी ते म्हणाले. मूळ फोटो पाकिटात ठेवला आणि बाहेर जाऊन दुकानाच्या पायरीवर बसले.

मी प्रिंट काढली, फ्रेम केली. ताईंनी ती पदरात गुंडाळली. जाताना दोघं रस्त्याच्या एकाच बाजूनं चालले होते, पण ताई पुढे आणि गुरुजी बरेच मागे. अण्णांनी बिल लिहिलं नाही.

पुढे मी नांदेडला परत आलो, स्वतःचं दुकान टाकलं. हदगाव, मुखेडकडून जुने फोटो घेऊन लोक येतात. वाळवीनं खाल्लेले, पुरात भिजलेले. लोकर आता माझी पटकन होते. पण "कपडा कसा होता" असं मी कुणाला विचारत नाही. "कसा पाहिजे" एवढंच विचारतो. त्याचं उत्तर माणूस खरं देतो. आणि फोटो मुलाचा असेल, तर आई आणि बाप दोघंही समोर बसल्याशिवाय संगणक चालू करत नाही. पुष्कळदा त्यातलं एकच जण येतं. मग मी सांगतो, दुसऱ्याला घेऊन या. काही जण घेऊन येतात. बाकीची माणसं फोटो उचलतात आणि शेजारच्या दुकानात जातात.