अनसिंगच्या खरादावर एक पाईप

बाबांचा पाईप माझ्याकडून फुटला. बाबा म्हणजे माझे सासरे. टेबल पुसताना तो फडक्यात अडकून फरशीवर पडला आणि लाकडी वाटी उभी चिरली. मी तशीच जाऊन सांगितलं. "असू दे," एवढंच म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं.

त्यांनी तंबाखू सोडून आठ वर्षं झाली. पाईप मात्र सोडला नव्हता. रिकामाच दातांत धरून, नुसती हवा ओढत ते पेपर वाचायचे आणि माझ्या चहावर टीका करायचे. पाईप गेला तशी टीकाही थांबली. हात खिशाकडे जायचा आणि तसाच परत यायचा. आठवड्यानंतर मला ते कोपऱ्यावरच्या पानटपरीसमोर उभे दिसले. काही घेत होते की नुसते उभे होते, ते ऑटोतून नीट दिसलं नाही. विचारायचा धीर झाला नाही. त्याच संध्याकाळी ठरवलं, रविवारी अनसिंगला जायचं.

अनसिंगच का, तर ऑफिसातल्या एका मैत्रिणीचं ते गाव. तिच्या घरचं लाटणं तिथल्या सुखदेवभाऊंच्या खरादावर, म्हणजे लाकूड कातायच्या यंत्रावर, झालेलं, आणि ते चिलमीही करतात असं ती म्हणाली. नवा पाईप ऑनलाइन मिळाला असता, कबूल. पण जुन्याची काळी नळी शाबूत होती आणि तिच्यावर बाबांच्या दातांच्या खुणा होत्या. मला तिलाच नवी वाटी हवी होती.

जाणाऱ्यांसाठी माहिती: अकोल्याहून सकाळची गाडी पकडा आणि खिडकी मिळवा. जऊळक्याच्या पुढे दोन्ही बाजूंना तुरीची शेतं सुरू झाली आणि मला उगाचच हसू फुटायला लागलं. कित्येक वर्षांनी मी एकटी कुठेतरी निघाले होते, तेही इतक्या विचित्र कामासाठी! वाशीम बसस्टँडजवळ तर्री-पोहे खा, पण पांढरा कुर्ता घालून खाऊ नका. (मी घातला होता.) पुढे पुसदकडे जाणारी एसटी. जाणंयेणं आणि खाणं मिळून पाचशेची नोट पुरते.

एसटीत शेजारच्या आजींनी विचारलं, "थैली काहून इतकी पोटाशी धरून बसली वं बाई?"

मी सगळं सांगितलं.

"सासऱ्यासाठी अकोल्याहून आली? माह्या सुना पान्याचा गिलास देत नाईत!" असं म्हणून त्यांनी ते अख्ख्या गाडीला ऐकवलं. अनसिंगला उतरताना चार लोकांनी मला सुखदेवभाऊंच्या घराचा रस्ता सांगितला.

टिनाची शेड, पट्ट्यावर फिरणारा खराद, पलंगाच्या पायांची रास आणि भुवयांपर्यंत भुशाने माखलेले सुखदेवभाऊ. नळी उलटसुलट करून म्हणाले, "हे तं होऊन जाते." अर्ध्या तासात बाभळीचा गुळगुळीत, देखणा नग त्यांनी माझ्या हातात ठेवला. सरळसोट चिलीम!

"भाऊ, वाटी वर हवी आणि दांडा आडवा."

"काहून? धूर काय वळनं घेत जाते?"

दारात तांदूळ निवडत बसलेल्या त्यांच्या बायको, कमलाबाई, खो खो हसल्या. "चाळीस वर्सं चिलमी केल्या. यायले झोपेतून उठवून पाळना मागा, चिलीमच देतीन!"

मी मोबाइलवर फोटो दाखवला. भाऊंनी मोबाइल डोळ्यांजवळ धरला. मग म्हणाले, "सरळ भोक सोपं राह्यते. हे तं दोन भोकं हायेत, एक उभं, एक आडवं. अन् दोघायची अंधारात भेट व्हाले पाह्यजे." शिवाय वाळलेलं लाकूड एकच उरलं होतं, बैलगाडीच्या जुन्या चाकाच्या मधल्या ठोकळ्याचा तुकडा. बाकीचं सगळं ओलं, आणि ओलं लाकूड तडकतं. म्हणजे संधी एकच.

"मले जरा इचार करू द्या. तवर तुमी लाटनं करा."

मी? खरादावर? पटाशी हातात आली, लाकूड गरगर फिरायला लागलं आणि पातळ, ओलसर, लांबच लांब सालपटं माझ्या हातांवरून, केसांतून उडायला लागली. मी चक्क ओरडत होते. वय वर्षं पंचेचाळीस!

"घट्ट नोका दाबू," भाऊ म्हणाले, "ते पळून नाई राह्यलं."

मी दाबलंच. ते पळालं. माझं लाटणं सुटून थेट कमलाबाईंच्या सुपात. "आता भातासंगं शिजवू काय जी?" त्या म्हणाल्या, आणि आम्ही तिघंही हसत बसलो.

मग खरं काम. वाटी खरादावर झाली, पण आडवं भोक त्यांनी हातानं, गिरमिटानं पाडायला घेतलं. मला ज्वारीच्या धांड्याची एक बारीक काडी दिली. ती वाटीत तळाला टेकवून धरायची आणि हलली की ओरडायचं. उशीर झाला तर गिरमिट पलीकडच्या भिंतीतून बाहेर.

"थांबा!"

त्यांनी काढून पाहिलं. "अजून बोटभर हाय. काडी नाई, तुमीच हालल्या."

माझं असंच होतं. मी तळवा कुर्त्याला पुसला, श्वास रोखला. गिरमिट कुरकुरत होतं. अचानक बोटांत टिक्.

"थांबा!"

भाऊंनी दांड्याला तोंड लावून जोरात फुंकर मारली. वाटीतला सगळा भुसा माझ्या तोंडावर! भेट झाली होती. कमलाबाईंनी टाळी वाजवली. दांडा कानशीनं घासून, जवसाचं तेल चोळून, नळी बसवेपर्यंत चार वाजले.

परतीच्या एसटीत शंका आलीच. मी बाबांना तंबाखूपासून दूर ठेवतेय की तिची आठवण पॉलिश करून नेतेय? वाशीम येईपर्यंत डोक्यातून सालपटं निघत राहिली.

बाबांनी पाईप हातात घेतला, फिरवून पाहिला, दातांत धरला आणि हवा ओढली. बराच वेळ. मग म्हणाले, "चहा कर. आणि आज तरी उकळू दे नीट."

चहा घेऊन आले तर ते खिडकीकडे बघत होते. "मी बिडी घेतली होती," म्हणाले. "मंगळवारी. तू पाईप फोडलास तेव्हा लगेच येऊन सांगितलंस. मला पाच दिवस लागले."

"ओढलीत?"

"अर्धी. उरलेली गच्चीत कोरफडीच्या कुंडीत खुपसलीय. तू काढून टाक, मला वाकवत नाही."

मी गेले. खरोखर अर्धीच होती. टाकण्याआधी मी ती बोटाशी धरून मापली, आणि आता वाटतं, तेवढं करायला नको होतं.