वरचा सूर

माझा मामा बाइंडर आहे, पुस्तकांना पुठ्ठे बांधतो. बोलतो कमी, आणि बोललाच तर हल्लीची खळ कशी पाणचट आहे यावर. या माणसाने अकरा वर्षं गावोगाव गाणी गायली, हे त्याच्या तोंडून कळायची सोय नाही.

गायचा तो एका लोकगायकाच्या मागे, एक पाऊल सोडून. गायकाचा आवाज खाली भरदार, पण वर चढला की फाटायचा. म्हणून दोघांनी ठरवलं होतं, गायकाचा हात कानाशी गेला की वरचा सूर मामाने उचलायचा आणि गायकाने नुसता आ वासायचा. माइक एकच, त्यामुळे लोकांना गळाही एकच वाटायचा. कॅसेटी तशाच निघाल्या, वर नाव एकाचंच. मग मामी अंथरुणाला खिळली आणि मामा घरी बसला. मामी गेली तोवर गायक फार मोठा झाला होता. याला कोणी बोलावलं नाही.

गेल्या वर्षी त्या गायकावर माहितीपट करणारी बाई मामाच्या खोलीत आली. खुर्ची एकच, ती तिला दिली. मी कागदाच्या गठ्ठ्यावर बसले.

"इतकं नाव झाल्यावर त्यांनी शैली का बदलली?" तिने विचारलं. "चढं गाणं सोडून एकदम बोलल्यासारखं का गायला लागले?"

मामाने बोटावरची खळ खरवडली.

"नवं काही करायचं असेल त्याला. धाडसी माणूस आहे."

बाई गेल्यावर मी यथेच्छ तोंडसुख घेतलं.

"अगं, मी सांगितलं तर ती चहाडी," तो म्हणाला. "त्याची मुलाखत व्हायचीय अजून. तो सांगेल."

माहितीपट लागला त्या रविवारी दुपारी मामा आमच्याकडे आला, दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून. पडद्यावर गायक म्हणाला, "लोकांना माझा चढा आवाज आवडायचा. पण टाळ्यांचा मोह सोडला, तेव्हा कुठे मला माझं गाणं सापडलं." लगेच जुनी कॅसेट लागली. तरण्या गायकाचा फोटो आणि त्यावर माझ्या मामाचा आवाज.

माझ्या नवऱ्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. "काय गळा होता हो या माणसाचा," तो म्हणाला.

मी तोंड उघडलं, तर मामाने माझं मनगट घट्ट धरलं.

"होता," तो म्हणाला. "आवाज जरा वाढवता का, जावईबापू?"